‘समुपदेशन’, ‘उपदेश’ आणि जिवाची भाषा

आमच्या महाविद्यालयात मराठी साहित्य आणि मानसशास्त्र शिकलेली एक विद्यार्थिनी सध्या क्लिनिकल आणि समुपदेशन मानसशास्त्रात एम.ए. करते आहे. हिवाळ्यात आम्ही मांडूला गेलो, तेव्हा तिने विचारले, “मॅडम, आजी विचारते, काय शिकतेस? तिला मराठीत काय सांगू?”

प्रश्न साधा, उत्तर अवघड. धार-देवासची पवारांची संस्थाने १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाली. इथल्या मराठी घरांत बोली टिकली, शिक्षण मात्र हिंदी-इंग्रजीत गेले. त्यामुळे एकच शब्द दोन अर्थांनी कानी पडतो. हिंदीत ‘चिकित्सक’ म्हणजे वैद्य. मराठीत बारकाईने पारखणारा. आपण ग्रंथाची ‘चिकित्सक आवृत्ती’ म्हणतो ती याच अर्थाने. ‘समुपदेशन’ या शब्दाची अडचण याहून मोठी आहे. त्यात ‘उपदेश’ दडलेला आहे. कार्ल रॉजर्स यांनी १९४२ च्या आपल्या ग्रंथात नेमकी उलट भूमिका मांडली : सल्ला देऊ नये, समोरच्याला स्वतःचा मार्ग सापडेल असे ऐकावे. हिंदीतला ‘परामर्श’ही सल्ल्याकडेच झुकतो.

मांडूच्या एको पॉइंटवर हाक मारली की तीच हाक परत येते. समुपदेशकाला एवढ्याने भागत नाही. त्याला शब्दामागचा अर्थ परत करावा लागतो. त्यासाठी बोली ओळखीची हवी.

‘जीव’ या शब्दाचेच पाहा. जीव घाबरा होणे, जीव टांगणीला लागणे, जिवावर येणे, जीव नकोसा होणे : हे चार वाक्प्रचार चार वेगळ्या अवस्था सांगतात. पहिल्यात भीती आहे आणि छातीतली धडधडही. शरीर आणि मन इथे वेगळे काढता येत नाही. दुसऱ्यात निकाल न लागलेली वाट पाहणे आहे. तिसऱ्यात बहुधा केवळ कंटाळा. चौथा सर्वांत जपून ऐकण्याजोगा. “उन्हानं जीव नकोसा झाला” हा नुसता त्रागा असतो. तेच वाक्य उन्हाशिवाय, खालच्या आवाजात आले, तर तो आत्महत्येच्या विचाराचा इशाराही असू शकतो. अशा वेळी “मरून जावंसं वाटतं का?” असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट बोलायला वाट मिळते. पण नोंदवहीत चौघांपुढे ‘स्ट्रेस’ एवढेच लिहिले, तर धोका कागदावर येतच नाही.

ही पदवी म्हणजे प्रवासाचा अर्धा टप्पा. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ प्रमाणे ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घ्यायला मानसशास्त्रातली नुसती एम.ए. पुरत नाही; भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेली पात्रता लागते. त्या प्रशिक्षणात तज्ज्ञांच्या देखरेखीखाली रुग्णांसोबत काम करावे लागते. तिथे पुस्तक इंग्रजी असेल, पण समोर बसलेली बाई “कसंतरीच होतंय” म्हणेल.

मराठीच्या अध्यापकांना इथे करण्यासारखे काम आहे. वाक्प्रचारांचा पाठ ‘अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ एवढ्यावर संपवू नये. ‘जीव’, ‘मन’, ‘काळीज’ यांचे वाक्प्रचार विद्यार्थ्यांनी घरून गोळा करावेत; कोण, केव्हा, कोणत्या आवाजात बोलले, तेही लिहावे. माझ्या विद्यार्थिनीने हे काम आजीपासूनच सुरू केले आहे. आजीला तिने सांगितले, “मी ऐकायला शिकते.”