रक्ताच्या साक्षीने प्रतिकारशक्तीचे मापन

नव्या विषाणूची बाधा किती जणांना होऊन गेली, हे केवळ रुग्णांच्या नोंदवहीवरून कळत नाही; पुष्कळांना लक्षणेच जाणवत नाहीत. मात्र बाधेनंतर साधारणतः दोन आठवड्यांत रक्तात प्रतिपिंडे आढळू लागतात व ती काही महिने टिकतात. ती ओळखणारी ‘कोविड कवच’ चाचणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने २०२० मध्ये विकसित केली.

जुलै २०२० मध्ये मुंबईतील तीन प्रभागांत ६,९३६ नमुने तपासण्यात आले. झोपडपट्ट्यांत सुमारे ५७ टक्के, तर इतर वस्त्यांत अवघ्या १६ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. एकाच शहरात एवढी तफावत असता नुसती सरासरी दिशाभूल करणारी ठरली असती.

गोंदिया जिल्ह्यातील कामठ्यासारख्या गावाचे पाहणीक्षेत्र आखतानाही हे ध्यानी घ्यावयास हवे. जिल्ह्याचा आकडा गावाला सरसकट लागू पडत नाही, गावठाणाचा टोल्याला नाही. दवाखान्यात आलेल्यांचेच रक्त तपासले तर चित्र विपर्यस्त होते. म्हणून घरांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करावी लागते. निवडलेल्या घराने नकार दिला म्हणून शेजारचे सोयीचे घर घेणे इष्ट नव्हे. येथे पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी आधी घातलेली समजूत मोलाची ठरते. लसीमुळेही प्रतिपिंडे निर्माण होतात. तेव्हा प्रत्येक नमुन्यासोबत लसीकरणाची नोंद हवीच.