ओपन सोर्स : दुकानातून सुरुवात कशी करावी?

संगणकाचे प्रोग्राम इंजिनिअरांनी लिहावेत व आपण फक्त वापरावेत, असा समज आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांत आहे. तो निम्माच खरा आहे. ज्या प्रोग्रामचा मूळ मजकूर कोणालाही वाचता, सुधारता व पुढे देता येतो, त्याला ‘ओपन सोर्स’ म्हणतात. 1991 साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने सुरू केलेले लिनक्स असेच अनेकांच्या हातांनी वाढले. आज आपल्या खिशातला अँड्रॉइड फोन त्याच्याच गाभ्यावर चालतो.

जवळचे उदाहरण मुंबईचे आहे. घरच्या फर्निचरच्या धंद्यात काम केलेले ऋषभ मेहता यांनी हिशेब, साठा व बिलांसाठी ‘ईआरपीनेक्स्ट’ हा प्रोग्राम उभा केला व सर्वांसाठी खुला ठेवला. धंद्याची अडचण ज्याला ठाऊक, तोच तिचा इलाज चांगला सांगू शकतो. होतकरू तरुणांनी सुरुवात पुढीलप्रमाणे करावी, असे आम्ही सुचवतो.

1) आधी वापरा, मग चूक कळवा. अच्छाडच्या दुकानदाराने तलासरीला माल पाठवला, तर बिलात केंद्र व राज्य यांचा जीएसटी निम्मा-निम्मा लागतो. तोच माल पलीकडे गुजरातेत भिलाडला पाठवला, तर आयजीएसटी लागतो. 1 जुलै 2017 पासून हा नियम आहे. सीमेवरच्या दुकानात दोन्ही बिले फाडावी लागतात. म्हणून प्रोग्रामची खरी परीक्षा येथेच होते. चूक आढळल्यास तीन गोष्टी लिहा : आपण काय केले, काय व्हायला हवे होते, काय झाले. मात्र गिऱ्हाइकाचे नाव व खरे बिल कधीही पाठवू नका. नमुन्याचे बिल करून दाखवा.

2) भाषांतर करा. ‘आऊटस्टँडिंग’ या शब्दाचा अर्थ कोणी शब्दकोशातून ‘उत्कृष्ट’ असा घेतला, तर उधारी राहिलेले गिऱ्हाईक उत्कृष्ट ठरेल! तेथे ‘येणे बाकी’ हवे, हे गल्ल्यावर बसणाराच सांगू शकतो. या कामाला प्रोग्रामिंग लागत नाही.

3) छोटी दुरुस्ती करा. ईआरपीनेक्स्ट पायथॉन व जावास्क्रिप्ट या भाषांत लिहिलेला आहे. त्या शिकून एखादी लहानशी चूक निवडा. आपले काम जाणकार तपासतात व पुष्कळदा परत करतात. उस्तादाने शिवण उसवायला लावली म्हणून शागीर्द रुसत नाही. येथेही रुसू नये.

4) पुढे शिकवा. नवख्याला एका आठवड्यात संपेल एवढेच काम द्या. तो अडला तर वाट दाखवा, पण त्याचे काम स्वतः करून टाकू नका. गूगलची ‘समर ऑफ कोड’ ही योजना 2005 पासून याच उस्ताद-शागीर्द पद्धतीने चालते व नवख्याला मानधनही देते.

एरवी या सेवेला पगार नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो. म्हणून दुकान सांभाळून आठवड्याचे दोन तास ठरवावेत. परंतु केलेले काम आपल्या नावाने नोंदले जाते आणि कोणालाही पाहता येते. नोकरी मागायला जाणाऱ्या मुलाच्या हातात मग प्रमाणपत्राबरोबर प्रत्यक्ष कामाचा नमुनाही असतो. कारागिराची ओळख नेहमी त्याच्या कामावरूनच झाली आहे.