रिपोर्ट चांगला आला तरी गोळी सोडू नका

माझ्या थोरल्या भावाला, अण्णांना, पांढरी कावीळ म्हणजे हिपॅटायटीस बी असल्याचं रक्तदानानंतर कळलं. त्रास काहीच नव्हता. हा आजार वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. अमिताभ बच्चन यांना १९८२च्या ‘कुली’ अपघातानंतर चढवलेल्या रक्तातून लागण झाली, पण कळलं ते कित्येक वर्षांनी, लिव्हरचा ७५ टक्के भाग खराब झाल्यावर.

अण्णांना टेनोफोव्हिरची रोज एक गोळी सुरू झाली. पुढे रिपोर्टात विषाणू दिसेना, तेव्हा आजार गेला असं समजून त्यांनी गोळी सोडली. ऐन सोयाबीनच्या सुगीत डोळे पिवळे झाले. आठवडा झाडपाल्यात गेला. तोवर पोटात पाणी भरून पायजम्याची नाडी पुरेना. पायावर बोट दाबलं की खड्डा तसाच राही. सोलापूरला नेल्यावर कळलं, लिव्हर आकसलंय. सिरोसिस.

डॉक्टरांनी समजावलं: गोळी नवे विषाणू तयार होऊ देत नाही, पण लिव्हरच्या पेशीत दडलेलं त्यांचं मूळ उपटत नाही. गोळी थांबली की ते पुन्हा उसळतात. रिपोर्ट चांगला येतो तो गोळीमुळेच.

म्हणून सांगतो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका. संपायच्या आठवडाभर आधीच पुढच्या गोळ्या आणा. शासनाच्या २०१८ साली सुरू झालेल्या हिपॅटायटीसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. दारू पूर्ण बंद. सिरोसिस असेल तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी कराच. कॅन्सर झालाच तर लवकर सापडतो.

घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासा. आमच्या आईला आणि मलाही लागण निघाली. प्रत्येकाला लगेच गोळी लागत नाही. व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण), एएलटी (लिव्हरची रक्ततपासणी) आणि लिव्हरची अवस्था पाहून डॉक्टर ठरवतात. मला अजून गोळी लागलेली नाही, पण तपासणी मी चुकवत नाही. ज्यांना लागण नाही त्यांनी लस घ्यावी. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पहिला डोस मिळालाच पाहिजे.

आणि रुग्णाचं ताट-तांब्या वेगळं काढू नका. एकत्र जेवल्याने हा आजार पसरत नाही. वेगळं ठेवायचं ते दाढीचं ब्लेड, टूथब्रश आणि नेलकटर.

अण्णांच्या पोटातलं पाणी आता उतरलंय. रात्री जेवण झालं की वहिनी आधी गोळी हातावर ठेवतात, मगच भांडी आवरतात. ज्यांच्या घरी हा आजार आहे, त्यांनी एवढी शिस्त आजपासूनच लावावी.