उपासमार आणि विचारशक्ती

वऱ्हाडात कुपोषण म्हटले की मेळघाट डोळ्यांसमोर येतो. १९७५ साली देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या ३३ प्रकल्पांत अमरावती जिल्ह्यातील धारणीचा समावेश होता. दारिद्र्यातून होणारी उपासमार ओळखण्याची दृष्टी आपल्याला अशा कार्यातून लाभली. परंतु घरात अन्न असूनही एखादी मुलगी जेवण नाकारू लागली, तर तो हट्ट समजला जातो. वस्तुतः तो ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हा आहारविकार असू शकतो. मुलींत तो अधिक आढळतो. मुलेही त्यापासून मुक्त नाहीत.

प्रयोगाची साक्ष

दीर्घ उपासमारीने शरीराबरोबर मनही बदलते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डॉ. ॲन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे सुमारे निम्म्या आहारावर ठेवले. त्यांचे वजन जवळजवळ एक चतुर्थांशाने घटले. ते उदास, चिडखोर व एकलकोंडे झाले. त्यांचे मन सतत अन्नाभोवती घोटाळू लागले. काहीजण पाककृतींची पुस्तके वाचू लागले. लक्ष एकाग्र होत नाही, अशी त्यांची तक्रार होती. तथापि बुद्धिमापन चाचण्यांत लक्षणीय घट दिसली नाही. म्हणूनच परीक्षेतील गुण चांगले आहेत, एवढ्यावरून विद्यार्थिनी निरोगी आहे असे शिक्षकांनी मानू नये.

विचारांतील ताठरपणा

या विकारात आणखी काही बदल आढळतात. एकदा ठरविलेला नियम सोडणे रुग्णास कठीण जाते. बारीकसारीक तपशिलांत मन गुंतते आणि समग्र चित्र निसटते. शरीर कृश झाले असतानाही ते स्थूल वाटते. वजन फार घटल्यास मेंदूचे आकारमानही कमी होते. पोषण सुधारल्यावर ते बहुतांशी भरून येते. अशा अवस्थेत केवळ उपदेश किंवा धाकदपटशा व्यर्थ ठरतो, कारण ज्या मनाला पटवायचे तेच मन उपाशी असते. पोषण आणि मानसोपचार हे दोन्ही एकत्र चालावे लागतात.

आपले कर्तव्य

एकादशीचा किंवा श्रावणी सोमवारचा उपवास म्हणजे आजार नव्हे. तो ठरल्या वेळी सुटतो. मात्र वजन सतत घटणे, पंगत टाळणे, जेवणानंतर मुद्दाम उलटी करणे, मासिक पाळी थांबणे, ही लक्षणे दिसल्यास शिक्षक व वसतिगृह अधीक्षकांनी पालकांना विश्वासात घ्यावे. पंचायत सदस्यांनी अशा कुटुंबाची निंदा होऊ देऊ नये. रुग्णास प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि तेथून अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय किंवा अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे न्यावे. अतिशय कृश व्यक्तीस एकदम भरपेट खाऊ घालणे जिवावर बेतू शकते. आहार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवावा. २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

कुपोषित बालकाला आपण दोष देत नाही. अन्न नाकारणाऱ्या मुलीलाही तोच न्याय मिळाला पाहिजे.