आधी रिकामी फेरी

आपल्या यवतमाळकडे घरी नवी बंडी आणली, तर तिच्यात लगेच लेकरांना बसवतो का आपण? नाही. आधी ती रिकामी नाल्यातून, चढावरून फिरवून पाहतो. चाके नीट चालली, की मग माणसे बसवतो.

चंद्राकडे जाणाऱ्या यानाचेही तसेच आहे. १६ नोव्हेंबर २०२२ रोजी अमेरिकेने 'ओरायन' नावाचे यान सोडले. आत एकही माणूस नव्हता. माणसांच्या जागी तीन पुतळे होते. यान चंद्राभोवती फिरून ११ डिसेंबरला पॅसिफिक महासागरात उतरले.

परत येताना यान हवेत जोराने शिरले. पुढची हवा दाबली गेली आणि भयंकर तापली. लोखंडाचे पाणी व्हावे, एवढी! ही उष्णता अडवायला यानाच्या बुडाला जाड अस्तर होते. ते जळून हळूहळू झिजायचे होते. पण शंभरावर ठिकाणी त्याचे तुकडे उडाले.

असे का झाले? शास्त्रज्ञांनी शोध घेतला. तापलेल्या अस्तरात वायू कोंडला होता. त्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, म्हणून अस्तर तडकले.

यान सुखरूप आले, तरी खोट राहिली होती. माणसे बसण्याआधी ती कळली, हे बरे झाले. बंडी असो की यान, आधी पारखावे. गेलेला जीव परत येत नाही.