उमेशच्या वयाचा हिशेब

मे महिना लागला की घुग्घुस, वणी, राजुरा या कोळसा पट्ट्यातून ठरलेला प्रश्न येतो: पोरगा अकरा वर्षांचा आहे, बॉल जोरात टाकतो, नागपूर-पुण्याच्या निवासी क्रिकेट अकादमीत घालावा का? खरं तर पीएफमधून उचल घ्यायचं आधीच ठरलेलं असतं. शाळा नावापुरती राहिली तर चालेल ना, एवढाच होकार हवा असतो. तो मिळणार नाही. आयटीआय, खाणकामाचा डिप्लोमा, पोलीस भरती या वाटा घुग्घुसला सांगायला नकोत; त्यांच्याबद्दल कोणी घाबरून विचारतही नाही. घबराट आहे ती ‘उशीर होईल’ याची, आणि ती निराधार आहे.

दाखला कोळशाच्याच गावचा घ्या. वेगवान गोलंदाज उमेश यादवचे वडील नागपूरजवळच्या वलनीत वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स) खाणीत कामाला होते. उमेशने सैन्यात आणि पोलिसात जायची खटपट केली, जमलं नाही. टेनिस बॉलवर वाढलेल्या या मुलाच्या हातात लेदर बॉल नियमित आला तो विशीच्या उंबरठ्यावर. नोव्हेंबर २००८ मध्ये विदर्भाकडून रणजी, मे २०१० मध्ये भारताकडून एकदिवसीय सामना, नोव्हेंबर २०११ मध्ये कसोटी. विदर्भ संघातून कसोटीपर्यंत पोचलेला हा पहिला खेळाडू, आणि अकराव्या वर्षी तो कुठल्याही अकादमीच्या रजिस्टरात नव्हता. वेगवान गोलंदाजाचं शरीर उशिरा भरतं. वाढीच्या वयात रोज नेटमध्ये तासन्‌तास बॉल टाकायला लावला, तर कमरेच्या मणक्याला बारीक तडा जाण्याचा धोका असतो. अमेरिकेत बेसबॉलच्या लिटल लीगमध्ये अकरा-बारा वर्षांच्या पिचरला दिवसाला ८५ च्या वर चेंडू टाकू देत नाहीत, तेही मधे सक्तीची विश्रांती ठेवून. आपल्याकडे बाप बाउंड्रीवर उभा राहून ‘अजून एक ओव्हर’ म्हणतो.

उशिरा सुरुवातीचं दुसरं उदाहरण त्याच बेसबॉलमधलं, उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांचं. दोघेही भालाफेकपटू. बेसबॉल न खेळता २००८ च्या वेगाने चेंडू फेकण्याच्या एका स्पर्धेतून ते निवडले गेले आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन संघाने त्यांच्याशी करार केला. खांदा भाल्याने घडला होता, चेंडू नंतर आला. पुढचंही सांगायला हवं: दिनेशला दोन हंगामांनंतर सोडून दिलं, रिंकू दुखापतींमुळे खालच्या लीगमध्येच अडकला आणि शेवटी कुस्तीच्या शोमध्ये गेला. मुख्य लीग दोघांनाही दिसली नाही.

यावर पालक दोन गोष्टी म्हणतात. पहिली, सचिन अकराव्या वर्षीच आचरेकर सरांकडे गेला होता. गेला, पण तो फलंदाज होता. शिवाजी पार्कजवळ काका-काकूंच्या घरी राहिला आणि शारदाश्रम शाळेत शिकत राहिला. घर आणि शाळा दोन्ही शाबूत होती. दुसरी गोष्ट, उमेश लाखात एक. अगदी बरोबर, आणि हे अकादमीलाही लागू आहे. आयपीएलच्या दहा संघांत प्रत्येकी जास्तीत जास्त पंचवीस खेळाडू, त्यातले आठपर्यंत परदेशी. परदेशी जागा भरल्या तर उरतात १७०, अख्ख्या देशासाठी. तिकीट लाखात एकालाच लागणार असेल, तर ते घर गहाण ठेवून का काढायचं?

मग खेळ सोडायचा का? छे. दुर्लक्षित वाट दाराशी आहे. डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा बल्लारपूरजवळच्या विसापूर क्रीडा संकुलात झाल्या. पालक मात्र तिथला ट्रॅक सोडून नागपूरची बस पकडतात. भालाफेक, गोळाफेक, धावणे यांना खर्च कमी, गर्दी कमी आणि वेगवान गोलंदाजाला लागणारा खांदा, कंबर, पाय यातून बनतात. मान्यताप्राप्त स्पर्धेतलं पदक असेल तर राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. मात्र प्रमाणपत्राची पडताळणी होते. विकत मिळणाऱ्या कागदाच्या नादी लागलेल्यांच्या नोकऱ्या गेल्या आहेत. स्वतः उमेशनेही भारताकडून खेळत असताना, २०१७ मध्ये, रिझर्व्ह बँकेच्या नागपूर कार्यालयात खेळाडू म्हणून नोकरी धरली. सोळाव्या वर्षी उंची, वेग आणि मुलाची स्वतःची इच्छा तिन्ही दिसली, तर लेदर बॉलचा प्रशिक्षक शोधा. तोवर शाळेचा दाखला काढू नका.