'कंटेंट' आणि 'कॉन्टेक्स्ट' : आशय आणि संदर्भ यांतील गल्लत

इंग्रजीतील 'कंटेंट' आणि 'कॉन्टेक्स्ट' या शब्दांचे स्पेलिंग एका अक्षराने भिन्न आहे. सहावे अक्षर एकात 'एन' आहे, दुसऱ्यात 'एक्स'. 'जागतिकीकरणाच्या संदर्भात' असे म्हणायचे असताना 'इन द कंटेंट ऑफ ग्लोबलायझेशन' असे लिहिले जाते ते या साम्यामुळे. चूक स्पेलिंगपुरतीच असती तर गुण कापले जाऊन विषय संपला असता. परंतु तिच्यामागे बहुधा संकल्पनेचीच गल्लत असते.

दोन्ही शब्द मूळचे लॅटिन. पहिल्याच्या मुळाशी 'एकत्र धरून ठेवणे, सामावून घेणे' हा अर्थ आहे, तर दुसऱ्याच्या मुळाशी 'एकत्र विणणे' हा. 'टेक्स्टाइल' हा वस्त्रोद्योगातील परिचित शब्दही याच विणण्याच्या धातूपासून आला. एखाद्या भाषणात जे सांगितले गेले तो त्याचा आशय, म्हणजे कंटेंट. ते कोणी, केव्हा, कोणापुढे आणि कोणत्या प्रश्नाच्या उत्तरादाखल सांगितले, हा संदर्भ, म्हणजे कॉन्टेक्स्ट. 'कंटेंट'च्या इतर छटाही ध्यानात ठेवाव्यात : अनेकवचनी 'कंटेंट्स' म्हणजे आतील वस्तू किंवा अनुक्रमणिका, 'प्रोटीन कंटेंट' म्हणजे प्रथिनांचे प्रमाण, आणि दुसऱ्या अवयवावर आघात दिल्यास त्याच अक्षरांचा अर्थ 'संतुष्ट' असा होतो.

मराठी विद्यार्थ्यापुढे आणखी एक अडचण असते. आपला 'संदर्भ' हा शब्द दुहेरी काम करतो. संदर्भग्रंथातील किंवा कार्यालयीन पत्राच्या शिरोभागी लिहिलेला 'संदर्भ' म्हणजे इंग्रजीतील 'रेफरन्स'. तेथे 'कॉन्टेक्स्ट' चालत नाही.

आकडेवारी वाचताना हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. जनगणनेच्या तक्त्यात भारताचा साक्षरता दर 1971 साली 34.45 टक्के आणि 1981 साली 43.57 टक्के असा दिलेला असतो. वजाबाकी केली की दहा वर्षांत 9.12 अंकांची वाढ दिसते. परंतु तक्त्याखालील टीप वेगळेच सांगते. 1971 पर्यंतचे दर पाच वर्षे व त्यावरील लोकसंख्येचे आहेत, 1981 पासूनचे सात वर्षे व त्यावरील लोकसंख्येचे. सात वर्षांची ही मर्यादा 1991 च्या जनगणनेत स्वीकारण्यात आली आणि तुलनेसाठी 1981 चा दरही त्याच आधारावर काढण्यात आला. जुन्या आधारावर 1981 चा दर 41.43 टक्के येतो. म्हणजे वाढ 6.98 अंकांची. शिवाय 1981 च्या दरात आसामचा समावेश नाही, कारण त्या वर्षी तेथे जनगणना होऊ शकली नव्हती. तक्त्यातील दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण टीप न वाचता काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. निबंधात असा आकडा देताना वयोगट लिहिण्यास चार शब्द पुरतात, तरीही नेमके तेच गाळले जातात.

राज्यघटनेच्या अभ्यासात हे दोन शब्द एकमेकांत कसे गुंततात, हे अनुच्छेद 21 वरून दिसते. कायद्याने घालून दिलेल्या कार्यपद्धतीखेरीज कोणाचेही जीवित वा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही, अशी ही तरतूद आहे. ए. के. गोपालन खटल्यात 1950 साली सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने हा अनुच्छेद अनुच्छेद 19 पासून अलग ठेवून वाचला. कायदा विधिवत संमत झालेला असला आणि त्यातील कार्यपद्धती पाळली गेली की पुरे, असा त्याचा अर्थ निघाला. न्यायमूर्ती फजल अली यांचे मत मात्र भिन्न होते. पुढे 1978 साली, पारपत्र जप्त केल्याच्या प्रकरणातून उद्भवलेल्या मनेका गांधी खटल्यात, न्यायालयाने अनुच्छेद 14, 19 आणि 21 परस्परांशी जोडून वाचले आणि कार्यपद्धती न्याय्य, रास्त व वाजवी असली पाहिजे, असा निर्णय दिला.

या अठ्ठावीस वर्षांत अनुच्छेद 21 मधील एकही शब्द बदलला नव्हता. मजकूर तोच राहिला, तो ज्या अनुच्छेदांच्या सोबतीने वाचायचा तो संदर्भ बदलला, आणि त्यामुळे हक्काचा आशय विस्तारला. 'अनुच्छेद 21 चा आशय स्पष्ट करा' आणि 'अनुच्छेद 21 चा अर्थ कोणत्या संदर्भात बदलला ते सांगा' हे म्हणूनच दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. पहिल्याच्या उत्तरात हक्काची व्याप्ती यावी लागते, तर दुसऱ्याच्या उत्तरात गोपालन ते मनेका गांधी हा प्रवास.